एक्क्याण्णव डेसिबलचे काका

श्रीराम काकांना एका शब्दानेही न दुखावता त्यांची गाडी पंधरा दिवसांत गप्प करून दाखवायची, असं मी ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, योजना तयार होती! मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलंय, नऊ महिन्यांची मुलगी सांभाळते आणि त्या नऊ महिन्यांत सलग तीन तास कधी झोपलेली नाही. अशा बाईने योजना आखली की आसपासच्या लोकांनी खरं तर गाव सोडून जावं.

आधी गाडीबद्दल सांगते, म्हणजे माझा राग तुम्हाला वाजवी वाटेल. आम्ही मॉरिसव्हिलपासून अर्ध्या तासावर, मोकळ्या भागात घर घेतलं. इथे प्रत्येक घराला दोन-चार एकर जागा आहे. "सकाळी पक्ष्यांचे आवाज ऐकू येतील," असं अमेय, म्हणजे माझा नवरा, घर घेताना म्हणाला होता. पक्षी आहेतही. पण शेजारी श्रीराम काका आहेत, आणि त्यांच्याकडे साइड-बाय-साइड आहे. जीप आणि ट्रॅक्टर यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तर जे अपत्य होईल, ते म्हणजे साइड-बाय-साइड. दोन माणसं शेजारीशेजारी बसतात, इंजिन थेट त्यांच्या बुडाखाली असतं, मागे माती-लाकडं वाहायला छोटा हौदा आणि डोक्यावर टप. सुरू झाली की वाटतं, कुणीतरी पत्र्याच्या पिंपात नारळ भरून ते डोंगरावरून सोडून दिलंय.

काका रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर. पस्तीस वर्षं इलिनॉयमध्ये ट्रॅक्टरच्या कारखान्यात काढली. दुपारी झोपणारा माणूस त्यांना आजारी वाटतो. त्यामुळे जेवण झालं, हात धुतले, की बरोबर दीड वाजता गाडी बाहेर. कधी पालापाचोळा, कधी खत, कधी नुसतीच कुंडी. एक कढीपत्त्याची कुंडी अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायला सत्तर हॉर्सपॉवर!

आणि आमची रुही दिवसभरात एकदाच झोपते. सव्वा ते तीन. ही झोप झाली तर ती संध्याकाळी हसते, खाते, रात्री बरी झोपते. नाही झाली तर आम्हा तिघांचा पुढचा दिवसही गेला. दीड वाजता ती गाडी सुरू झाली की रुही दोन्ही हात हवेत फेकून दचकायची, ओठ थरथरायचे, आणि मग जे सुरू व्हायचं ते साडेपाचपर्यंत. मी खिडकीत उभी राहून त्या हिरव्या टपाकडे ज्या नजरेने बघायचे, त्या नजरेने पोळ्या भाजल्या गेल्या असत्या.

"अगं, मग जाऊन सांग ना त्यांना," अमेय म्हणायचा. अमेय आवाज बंद करणारे हेडफोन लावून वरच्या खोलीत काम करतो. त्याला जाऊन सांगणं सोपंच वाटणार.

कसं सांगू? रुही झाली तेव्हा माझ्या आईचा व्हिसा वेळेत आला नाही. चाळीस दिवस काकांच्या पत्नी सुमेधा काकू रोज सकाळी येऊन बाळाला न्हाऊ घालत होत्या, मला शेक देत होत्या. हॉस्पिटलमधून घरी आम्हाला काकांनी आणलं, ताशी वीस मैलांच्या वेगाने, मागे गाड्यांची रांग लावून. डिंकाचे लाडू तर इतके आले, की त्यांचा वेगळा फ्रीज करावा लागला. अशा माणसांना, काका, तुमची गाडी जरा, असं म्हणायचं? तोंडच उघडत नाही. अमेयला म्हटलं, तू सांग. तो गेला आणि दोडके घेऊन परत आला.

म्हणून योजना. मी फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं, नऊ दिवस खिडकीतून हात बाहेर काढून नोंदी केल्या आणि कौंटीच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारच्या, वेबसाइटवर निनावी तक्रार केली. सर्वोच्च नोंद : सत्त्याण्णव डेसिबल. सोबत आलेखही जोडला. कौंटीकडून काकांना एक सभ्य पत्र जाईल, काका वेळ बदलतील, मी मान खाली घालून दोडके घेत राहीन. विषय संपला!

पत्र सोमवारी गेलं. मंगळवारी काका ते पत्र घेऊन आमच्याकडे आले.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते उत्साहात होते! कुणीतरी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना प्रोजेक्ट दिला होता. त्यांच्या मते तक्रार पलीकडच्या डगने केली होती. डगकडे शर्यतीत पळवतात तसली साइड-बाय-साइड आहे, आणि काकांच्या मते तिच्यापुढे काकांची गाडी म्हणजे गोगलगाय. तेव्हा भांडायचं नाही, तुलना करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. काकांची गाडी, डगची गाडी आणि डीलरकडून अर्ध्या दिवसासाठी मागवलेली इलेक्ट्रिक. तिन्ही एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, प्रत्येकी चार फेऱ्या. दोन जाताना, दोन येताना.

"आणि आकडे तू लिहायचे," काका म्हणाले. "आपल्यात डेटावाली तूच आहेस."

मी विचारलं, कधी? माझा आवाज मलाच परका वाटला.

"दीड वाजता. तेव्हा रस्त्यावर वाहतूक नसते. आजूबाजूला एकदम शांतता असते बघ."

ती शांतता कुणाची आहे, हे मला माहीत होतं. मी हो म्हटलं.

गुरुवारी दीड वाजता मी रुहीला कडेवर घेऊन, तिच्या कानांवर आवाज अडवणारे इवलेसे हेडफोन लावून, वहीत आकडे लिहीत उभी होते. बारा फेऱ्या! माझ्याच मुलीची झोप मोडणाऱ्या तीन गाड्यांचा आवाज मी स्वतः दशांशापर्यंत नोंदवत होते. डगला तक्रारीचं काही माहीत नव्हतं. शर्यतीला बोलावलंय असं समजून तो मुलाबाळांसकट आला होता, सोबत खुर्च्या आणि लिंबू सरबत. निकाल असा : डग नव्व्याण्णव, काका एक्क्याण्णव, इलेक्ट्रिक एकाहत्तर. हे सगळे आकडे चालवणाऱ्याच्या कानापाशी लावलेल्या काकांच्या मीटरवरचे. इलेक्ट्रिक गेली तेव्हा तर फक्त टायरखालचे खडे वाजले. रुहीने तेवढ्यात डोळे मिटले. मी जवळजवळ रडले.

मी काकांना म्हटलं, हीच घ्या ना काका. किती छान आहे. काकूही म्हणाल्या, घेऊन टाका. काकांनी आम्हा दोघींकडे बघितलं, जणू आम्ही काकांनाच बदलायला निघालो होतो.

"चालती गाडी टाकून द्यायची? आवाज कुठून येतो ते शोधायचं आणि बंद करायचा. त्यात काय आहे."

त्यात काय होतं ते ऐका. डग आणि काका यांची त्या दिवसापासून जिवलग मैत्री झाली. तक्रार डगने केली नाही हे डगने शपथेवर सांगितल्यावर तर दोघे मिळून तक्रारदाराला शिव्या घालू लागले, आणि शिव्या घालताघालता काम करू लागले. आधी सीटखालची चौकट कापायची ठरली. त्यासाठी ग्राइंडर. दुपारी दीड ते चार, कारण डगची शिफ्ट सकाळी संपते! मी मोजलं : एकशे तीन. मग टपाचे पत्रे ठोकून कुठला थरथरतो ते बघणं. तेही एकशे तीनच, पण मध्येमध्ये विश्रांती. त्या आठवड्यात मी रुहीला गाडीत घालून दुपारभर किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये बसायचे. एकदा दुकानाचा मॅनेजर काचेवर टकटक करून विचारून गेला, घरी सगळं ठीक आहे ना. मी त्याला म्हटलं, नाही. तो घाबरून परत गेला.

पुढच्या शुक्रवारी मात्र घरीच होते. दीड वाजला आणि काहीच आवाज आला नाही. मी दाराशी कान लावून बसले होते. पावणेदोन. रुही गाढ झोपलेली, मूठ गालाखाली. मी खिडकीतून डोकावले, तर काकांच्या गॅरेजच्या मागून धूर!

तुम्ही काय केलं असतं? मी नऊ-एक-एक लावला. बाई विचारत होती, आत माणसं आहेत का. मी म्हटलं, दोन, आणि एक सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, लवकर या. आले की लवकर! दोन बंब, एक ॲम्ब्युलन्स, एक पोलिसांची गाडी, चौघांचे चार सायरन, आणि पत्ता मी माझा सांगितलेला. सगळे रुहीच्या खिडकीखाली येऊन थांबले. एकशे अठरा. ॲप फोनवर सुरूच होतं.

झालं होतं असं. इंजिनाच्या बाजूने आवाज अडवायला जाड काहीतरी हवं होतं, आणि काकूंच्या गोधडीची काकांना आठवण झाली. जुन्या सुती साड्यांची, सात थरांची. सुताने आवाज शोषला जातो हे बरोबर आहे, पण सूत सायलेन्सरला टेकलं की काय होतं हेही पस्तीस वर्षांत कुणीतरी सांगायला हवं होतं. आगीपेक्षा धूरच जास्त होता. डगने बागेच्या नळीने ती विझवलीही होती. आता तो बंबवाल्यांना गाडी दाखवत होता आणि त्यातले दोघे इंजिनात डोकं घालून सल्ले देत होते.

काकू मात्र अंगणात जळकी गोधडी हातात धरून उभ्या होत्या. काकांशी त्या चार दिवस बोलल्या नाहीत. त्या घरात शांतता झाली ती एवढीच, आणि तिचा मला काही उपयोग नव्हता.

पण कबूल करायला हवं, तो माणूस इंजिनिअर आहे. दोन आठवड्यांनी गाडी खरोखर गप्प झाली. इंजिनाखाली मऊ रबर, एक जास्तीचा सायलेन्सर, सीटखाली आणि पायांखाली उष्णता सोसणाऱ्या जाड चटया, इंजिनाच्या पट्ट्याच्या झाकणाला आतून अस्तर. समोरची काचही काढून टाकली, कारण ती मागचा आवाज परत कानात फेकत होती. बाहत्तर! इलेक्ट्रिकपेक्षा फक्त एक जास्त. काकांनी हा आकडा कौंटीला पत्राने कळवला आणि प्रत मला दिली.

त्या मंगळवारी रुही सव्वाला झोपली आणि तीन वाजता स्वतःहून उठली. बुधवारीही. गुरुवारी मी चहा घेऊन मागच्या डेकवर बसले, पाय वर घेतले, आणि कॅलिफोर्नियातल्या बहिणीला, उत्तराला, फोन लावला. तिला मी सगळं सांगितलं. किती महिने सोसलं, तक्रार कशी मीच केली, आलेख कसा जोडला, काकांना अजून पत्ताही नाही. सांगताना रागही सगळा बाहेर आला. मी म्हटलं, बाई गं, एक्क्याण्णव डेसिबलचा माणूस आहे तो, कुंडी हलवायला रणगाडा लागतो त्याला, आणि शेजारी एक जीव झोपलाय हे एकदाही डोक्यात येत नाही. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

उत्तरा हसत होती. मग मला पाठीमागे खडा वाजल्यासारखं वाटलं.

डेकपासून आठ फुटांवर गाडी उभी होती. इंजिन सुरू. मागच्या हौद्यात दोडक्यांची टोपली. स्टिअरिंगवर हात ठेवून काका बसले होते, आणि पूर्वी ही गाडी अर्ध्या मैलावरून ऐकू यायची.

मी फोन उलटा ठेवला. उत्तरा आतून हॅलो हॅलो करत होती.

"सत्त्याण्णव तू लिहिलंस?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली. काका, रुही झोपते हो दीड वाजता, एवढं म्हणायचं होतं.

"फोनने मोजलंस?"

"हो."

"हातात धरून? खिडकीबाहेर? वारा होता?"

"असेल थोडा."

काकांनी इंजिन बंद केलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं, ते मी काकूंच्या चेहऱ्यावर गोधडीच्या दिवशी पाहिलं होतं. "तक्रार केलीस ते ठीक आहे," ते म्हणाले. "हक्क आहे तुझा. पण ज्ञानदा, एमएस्सी ना तू? माइकवर वारा आला की आकडा फुगतो. खिडकीच्या भिंतीवरून आवाज परत येतो तो वेगळाच. सरकारी कागदावर सत्त्याण्णव? माझ्या गाडीचे?"

ते दोडके ठेवून निघून गेले. मी दोन दिवस जेवले नाही नीट. काकूंना फोन करून माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, अगं रागावले नाहीत ते, तुझ्यासाठी काहीतरी टाइप करताहेत.

सोमवारी दीड वाजता बेल वाजली. काका, काकू, अकरा पानी टिपण आणि खराखुरा, प्रमाणित, तिपाईवरचा आवाज मोजायचा मीटर. मला नीट शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. तेव्हापासून रोज दीड वाजता ते आमच्या दिवाणखान्यात बसतात. कारखान्यात दोन यंत्रांमध्ये उभं राहून बोलायची सवय, त्याच पट्टीत ते मला सांगतात की ध्वनी म्हणजे काय. टीपॉयवर मीटर असतो. तो शहाऐंशी दाखवतो. रुही माझ्या मांडीवर टक्क जागी बसून त्यांच्याकडे बघते.

अमेय म्हणाला, आता तरी सांग. कालच मी ठरवलं, बास, आज सांगायचंच. त्यांचं वाक्य मध्येच तोडून मी म्हटलं, "काका, एक बोलायचं होतं."

काका थांबले. मीटर एक्केचाळीसवर आला. काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं. रुहीने चक्क जांभई दिली.

"बोल की," काका म्हणाले.

"चहात साखर एक घालू की दीड?"

दीड म्हणाले. शहाऐंशी डेसिबलमध्ये.