तात्या, बाटली वर धरा!

गाडी बंद पडली की लोक मेकॅनिक शोधतात. मी कारण शोधतो! १९९६ साली नाशिकच्या अख्ख्या इंदिरानगरात जुनी गाडी बाळगून मेकॅनिकचं तोंड न पाहणारा मी एकटाच होतो. अहो, त्यात आहे काय? पेट्रोल टाकीतून निघतं, पाइपातून येतं, पंप ते ओढतो आणि कार्बोरेटर ते इंजिनाला पाजतो. या रस्त्यात ते कुठं अडलंय, एवढंच बघायचं!

त्यामुळे मेहुण्याची, म्हणजे सुयशची, सुपारी फोडायला लासलगावला जायचं ठरलं, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "माझ्या गाडीनं जाऊ!"

"एस.टी. बरी," बायको, मनीषा, म्हणाली.

"मी असताना?"

प्रसंग नाजूक होता. मुलीचे वडील जयरामभाऊ अजून मनापासून हो म्हणत नव्हते. नाशिककडची माणसं मिजासखोर असतात, असा त्यांचा ग्रह. माझे सासरे सावळीराम तात्या मखमलाबादला गुलाब पिकवणारे साधे गृहस्थ. पण हे जयरामभाऊंना पटवणार कोण?

चांदोरीच्या पुढे गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली.

"कार्बोरेटर चोकअप!" मी जाहीर केलं. उघडला, त्यातला बारीक भोकाचा जेट तोंडानं फुंकला. जेट आधीच स्वच्छ होता, तोंडाला मात्र पेट्रोलची चव बसली. "मग फिल्टर!" तोही स्वच्छ. शेवटी पंपाची नळी सोडली आणि सुयशला स्टार्टर मारायला लावला. नळीतून थेंब येईना!

"सापडलं! पंपाचा पडदा फाटलाय!" मी लॉटरी लागल्यासारखा ओरडलो.

"म्हंजी गाडी चालंल?" तात्यांनी विचारलं.

"कारण सापडलं, तात्या!"

"चालंल का?"

"नाही."

पण मी हरणारा नव्हे. पेट्रोल कार्बोरेटरपेक्षा उंच टांगलं की ते आपोआप खाली उतरतं, पंप हवा कशाला? जवळच्या दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली नळीसकट मागून आणली, टाकीतलं पेट्रोल काढून भरली, नळी बॉनेटखालून कार्बोरेटरला जोडली आणि बाटली पुढं बसलेल्या तात्यांच्या हातात दिली.

"तात्या, हात खिडकीबाहेर काढा आणि बाटली वर धरा! हात खाली आला की गाडी बंद!"

आणि गाडी चालू! दर चार-पाच किलोमीटरला थांबून बाटली भरायची, बस्स. पेट्रोलच्या वासानं तात्यांचे डोळे मिटले, मान कलली, चेहरा पांढराफटक पडला. हात तेवढा ताठ! मागून मनीषा त्यांना पदरानं वारा घालत होती. समोरून येणारे कांद्याचे ट्रॅक्टर पटापट बाजूला होऊ लागले. मला वाटलं, माझ्या हिकमतीचं कौतुक!

विंचूरला मी बॉनेटमध्ये डोकं घालून नळी बसवत होतो, तेव्हा एक मोटरसायकल थांबली. मुलीचा चुलतभाऊ वाळू.

"काय झालं हो पाव्हनं?"

"पंप गेलाय," मी डोकं वर न काढता म्हणालो.

"आरं देवा! कुठं?"

"चांदोरीला. वरून थेंब थेंब सोडतोय, तेवढ्यावर चालू आहे."

"घरापोत्तर पोचतीन का?"

"लासलगावपर्यंत खेचू. पुढचा भरवसा नाही. मॉडेल जुनं ना!"

वाळूनं कललेल्या तात्यांकडं पाहिलं, डोळे पुसले आणि मोटरसायकल सुसाट सोडली. मी म्हटलं, केवढा हळवा पोरगा, एका पंपासाठी!

जयरामभाऊंच्या दारात लिलावासारखी गर्दी! गाडी थांबताच चौघांनी तात्यांना अलगद उचललं. कार्बोरेटरमधून निसटलेली नळी त्यांच्यामागोमाग घरात गेली.

"हार्टाचा पंप बंद पडला तरी पोराची सुपारी फोडाया आलं वं देवमानूस!" मुलीची आजी ठमाबाई रडत म्हणाली.

जयरामभाऊंचे डोळे भरून आले. "व्याही, मी तुमाला लय मिजासखोर समजलो. आता नाय म्हननार नाय. पोरगी दिली!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. मनीषानं असा चिमटा काढला की ते मिटलं. तात्यांनी एक डोळा उघडून सगळा देखावा पाहिला आणि तोही मिटून घेतला.

सुपारी फुटली. पंगतीला जिलेबी, तात्यांना खाटेवर पेज. मी पुन्हा जिलेबी घेतली तेव्हा खाटेवरून जी नजर आली, तिच्यावर गाडी सुरू झाली असती!

मग मुलीचे मामा आले. गावातले डॉक्टर. त्यांनी नाडी पाहिली, आमची बाटली नाकाशी नेली आणि बॅगेतून नवीकोरी बाटली काढली. सुईसकट! तात्यांनी सुयशकडं पाहिलं, होणाऱ्या सुनेकडं पाहिलं आणि दातओठ खात हात पुढं केला.

सुई टोचून झाल्यावर मामांनी मला अंगणात नेलं. "पाहुणे, माझ्याकडंही हीच गाडी होती. पंपाचा पडदा फाटला ना?"

मी गारच! "तुम्हाला कळलं? मग सुई कशाला टोचली?"

"कितीतरी स्थळं नाकारून जयराम आज पहिल्यांदा मनापासून हो म्हणालाय. भाचीसाठी एवढंही करू नये? नुसतं ग्लुकोज आहे. पेजेपेक्षा बरं!"

संध्याकाळी जयरामभाऊंनी 'पेशंट'साठी जीप बोलावली. सुयश आणि मनीषाही लगबगीनं तीत जाऊन बसले. गाडीपाशी मी एकटा राहिलो. तात्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले,

"जावईबापू, लग्नाला तुमी मात्र पायी या."