खोलीसमिती आणि हरवलेली हॅट

“वहिनी, आपल्या गावात गुन्हे का होत नाहीत, विचार केलाय कधी?” भावजींनी खिशातून भिंग काढून त्यावर फुंकर मारली. “कारण इथे मी राहतो. गुन्हेगाराच्या मनातला विचार त्याच्याआधी मला कळतो.”

“मग हॅट जायच्या आधी का नाही कळला?” वहिनींनी विचारलं.

भावजी पोस्टात असताना टपालावर शिक्के मारत. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला गुप्तहेर म्हणवून घ्यायला सुरुवात केली. घरात कुणी हरकत घेतली नाही, कारण त्या निमित्ताने ते दुपारभर बाहेर असत.

वहिनी साहित्य मंडळाच्या चिटणीस. शेताशिवारावर लिहिणारे लेखक गेल्यावर त्यांच्या मुलीने घराची किल्ली विश्वासाने मंडळाकडे दिली होती. मंडळाने लगेच दोन समित्या नेमल्या. खोलीसमितीने लिहायची खोली शेवटच्या दिवशी होती तशीच्या तशी ठेवायची, आणि बागसमितीने परसबाग त्यांच्या पुस्तकात आहे तशीच्या तशी. खोली वहिनींकडे. बाग भावजींच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींच्या धाकट्या जावेकडे. वहिनी परसात पाऊल टाकत नसत. त्यांनी एकदा एक काकडी तोडली, तर बैठकीत निषेध नोंदवला गेला होता.

आज लेखकांची मुलगी खोली बघायला येणार होती. तिच्या चुलतभावाला या घराचं लॉज करायचं होतं. मंडळाचा कारभार पटला नाही तर किल्ली परत जाणार, हे उघड होतं. आणि सकाळी वहिनींनी रस्त्याकडचं दार उघडलं, तर खुंटीवरची लेखकांची गवती हॅट गायब! लहानपणी वहिनींनी ती हॅट उभ्या पिकावरून तरंगत जाताना पाहिली होती. तिच्याखाली माणूस असतो, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं होतं.

“खुंटीवर धूळ नाही,” भावजी म्हणाले. “चोर नीटनेटका आहे.”

“धूळ मी पुसते.”

“म्हणजे तुम्हीही संशयित. मनाला लावून घेऊ नका. बरं, अध्यक्षांना टक्कल आहे ना? हेतू सापडला!”

“अहो, त्यांचं डोकं त्या हॅटमध्ये मावायचं नाही.”

“म्हणूनच पळवली. मत्सर!”

“अध्यक्ष आठवडाभर लेकीकडे गेलेत.”

भावजींनी खोलीत एक फेरी मारली, टेबलाखाली वाकले, डोकं आपटलं आणि आवाज खाली आणला. “मग एकच शक्यता उरते. लेखक स्वतः येऊन घेऊन गेले.”

“ते वारलेत, भावजी! शोकसभेत तुम्हीच बोललात. हात धरून खाली बसवावं लागलं तुम्हाला.”

तेवढ्यात लेखकांची मुलगी दारात उभी राहिली. मुलीने खुर्चीवरची ‘हात लावू नये’ची कागदी पाटी वाचली, मग टेबलावरची, मग कंदिलावरची. रिकाम्या खुंटीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

“खिडकी का बंद?”

“ते गेले त्या दिवशी बंद होती,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, त्या दिवशी पाऊस होता!”

तिने खिडकीची कडी काढली आणि दोन्ही दारं ढकलली. उजेड आत आला. बाहेर घेवड्याच्या वेलांमध्ये, दोन्ही हात पसरून, डोक्यावर ती हॅट घालून बुजगावणं उभं होतं.

“कुणी हलू नका!” भावजी ओरडले. “संशयित अजून आवारातच आहे!”

मुलगी हसता हसता पाटीसकट खुर्चीत बसली. “ही हॅट खुंटीवर कधी नसायचीच, त्या दिवशी पावसामुळे आत आणलेली तेवढीच. बुजगावण्याचीच ती. बाबा बाहेर निघाले की त्याच्याकडून मागून न्यायचे. आई चिडायची, निदान धुऊन तरी परत करा म्हणायची.” तिने डोळे पुसले. “आज किल्ली न्यायलाच आले होते मी. या पाट्या बघून वाटलं, इथे बाबा राहिलेच नाहीत कधी. मग हॅट जागेवर दिसली. किल्ली राहू दे तुमच्याकडे. पण खिडकी बंद करायची नाही.”

वहिनींनी तिच्या पाठीमागून पाटी अलगद ओढून घेतली आणि फाडून टाकली.

धाकटी जाऊ हातातली माती झटकत खिडकीशी आली. “पुस्तकात आहे ना तशी हॅट घातली मी त्याला. बरी दिसतेय का?”

“अगं, मग सांगायचं नाही का?” वहिनी म्हणाल्या.

“काल जेवताना सांगितलं की यांना! दोनदा!”

सगळे भावजींकडे बघू लागले. भावजींनी भिंग खिशात ठेवलं.

“साक्षीदार घरचा होता,” ते म्हणाले. “घरच्यांचं मी कधीच ऐकत नाही.”