समक्ष पाहिलेलं जोतं

रामनाथ राऊत ग्रामसेवकाचा कागद वरून कधी परत येत नसे. ही गोष्ट तो स्वतःच इतक्यांदा सांगे, की शनिवारी तो डहाणूला घरी गेला की त्याची बायको बकुळा पान वाढता वाढताच विचारी, "आज कुठला कागद परत आला नाही?" इतरांच्या कागदांवर शेरे पडत, लाल शाईचे फराटे उठत. रामनाथचा कागद गेला की मंजूर. निदान चौसष्ट सालच्या पावसाळ्यापर्यंत तरी तसं होतं.

त्या वर्षी झरीकडच्या पाड्यांसाठी सरकारची घरबांधणीची कर्जयोजना आली. विटांच्या भिंती, वर कौलं, आणि पैसे तीन हप्त्यांत. पहिला हप्ता जोत्यासाठी. जोतं झालेलं दाखवलं की दुसरा, भिंतींसाठी. भिंती उभ्या राहिल्या की तिसरा, छपरासाठी. सगळे पैसे एकदम हातात दिले तर घर राहील बाजूला आणि भलतंच काही उभं राहील, अशी वरच्या लोकांना धास्ती होती.

पहिला अर्ज रघ्याचा. शिमग्यात त्याचं कुडाचं घर जळालं होतं, आणि तेव्हापासून तो, बायको रूपी आणि दोन पोरी भावाच्या गोठ्याला लागून पडवीत दिवस काढत होते. थोरल्या तानीचं लग्न ठरलेलं. पुढच्या उन्हाळ्यात ते स्वतःच्या दारात व्हावं, एवढंच रूपीच्या मनात होतं.

"भाऊसायब, माना भिंत पायजे," रूपी म्हणाली. "लग्नाचा चौक भिंतीवर लिवतात. गोठ्यात कोन लिवंल?"

"मिळेल भिंत," रामनाथ म्हणाला. "पण आधी जोतं. जोतं नाही तर भिंत नाही. सरकारचा नियम आहे."

रघ्याने रूपीकडे पाहिलं. "मी हिला हाच सांगत व्हतो. आदी जोत. मंग सगला."

रामनाथ खूश झाला. इतका समजूतदार लाभधारक सबंध तालुक्यात सापडायचा नाही, असं त्याने त्या शनिवारी बकुळेलाही सांगितलं.

मे महिन्यात पहिला हप्ता रघ्याच्या हाती पडला. जुलैत तालुका कचेरीचं पत्र आलं: जोते पूर्ण झाल्याची समक्ष पाहणी करून दाखला पाठवावा. आता पाड्यावर जायचं म्हणजे दोन ओहोळ ओलांडायचे, गुडघाभर चिखल तुडवायचा, आणि रामनाथच्या मेव्हण्याने मुंबईहून कॅनव्हासचे पांढरेशुभ्र बूट नुकतेच पाठवले होते. तो या विचारात असतानाच रघ्या मीठ न्यायला दुकानावर आलेला दिसला. मग समक्ष पाहणी दुकानाच्या ओट्यावरच उरकली.

"काय रे, जोतं झालं का?"

"झाला ना, भाऊसायब. जूनातच आनला."

'आणला' हा शब्द रामनाथला जरा खटकला. पण विटा-दगड आणलेच असणार, म्हणून त्याने सोडून दिला.

"भक्कम आहे ना?"

"एकदम भक्कम. सगला पाडा बघाला येतो."

"उंची किती?"

रघ्याने छातीला हात लावून दाखवला. रामनाथने मनातल्या मनात एक फूट कमी केला. अडाणी माणूस, कौतुकाने जरा वाढवून सांगणारच.

"आणि पाणी? नवीन काम आहे. पाणी कमी पडलं तर फुकट जाईल बघ."

"पाजतो ना. सकाल-सांजचा ओहोलावर नेतो."

ओहोळावरून आणतो म्हणायचं असेल बिचाऱ्याला, असं समजून रामनाथ हसला आणि बूट न भिजवता कचेरीत परतला. त्याने दाखला लिहिला: 'समक्ष पाहिले. जोते अत्यंत मजबूत. उंची तीन फूट. लाभधारक नियमित पाणी देत आहे.'

हा दाखला बेताचा लिहिला असता तर बेताने निभावलं असतं. पण सगळीकडे जोती दीड फुटाची, त्यात हे तीन फुटी. तालुक्याच्या साहेबाला इतकं कौतुक वाटलं की रस्ता सुकताच ओव्हरसियर टेप घेऊन, गळ्यात कॅमेरा अडकवून हजर झाला. इतर गावांना दाखवायला फोटो हवा होता. रामनाथनेही त्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घातला. फोटोत जोत्याशेजारी कोणीतरी उभं राहायला हवंच.

पाड्यावर रघ्या आणि रूपी सकाळपासून वाट पाहत उभे होते. त्यांच्या मागे एक पांढरा आणि एक तांबडा बैल. दोघांना धुऊन, शिंगांना गेरू लावून सजवलं होतं.

"जोतं कुठाय?" ओव्हरसियरने विचारलं.

"हा काय," रघ्या म्हणाला आणि त्याने पांढऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

जोत म्हणजे नांगराला जुंपायची बैलजोडी. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून दोन्ही शब्द त्याने ऐकले होते. फक्त सरकारी कागदावर बैल असू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. रघ्याच्या डोक्यात मात्र सगळं सरळ होतं. आजवर तो गावातल्या बागायतदाराचे बैल मागून आणी आणि बैलांच्या एका दिवसासाठी स्वतः दोन दिवस राबून देई. आधी जोत, मग भात, मग भिंत. सरकारला एकदाची अक्कल आली, असं त्याला वाटलं होतं. मागच्या तुकड्यात भात खरोखरच गळ्याएवढं उभं होतं.

"अरे, जोतं म्हणजे बैल नव्हे," रामनाथ ओरडला. "जोतं म्हणजे पाया. पाया रे, पाया!"

रघ्याने एकदा रामनाथकडे, एकदा ओव्हरसियरकडे पाहिलं. चूक काय झाली ते त्याला कळेना, पण साहेब रागावलेत आणि भाऊसाहेब काय करायला सांगतायत, ते कळलं. त्याने वाकून ओव्हरसियरच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या मागोमाग रूपीनेही.

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर रामनाथ पोट धरधरून हसला असता. त्याला हसू आलं नाही. ओव्हरसियर पाय मागे घेत म्हणाला, "उठा, उठा." मग त्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. "समक्ष पाहिले, अशी सही कोणाची आहे हो?"

पंधरा दिवसांत हुकूम आला. हप्त्याचा गैरवापर झाला, सबब बैल विकून वसुली करावी, दुसरा हप्ता रद्द. ग्रामसेवकाने खुलासा करावा, आणि सोबत लाभधारकाचा जबाब जोडावा.

रामनाथची नोकरी डिसेंबरात कायम व्हायची होती. त्याने खुलाशाचा पहिला मसुदा खरा लिहिला: मी गेलो नाही, दुकानाच्या ओट्यावर विचारून लिहिलं. तो फाडला. दुसऱ्यात रस्ता खराब असल्याचं घातलं. तोही फाडला. तिसऱ्यात लिहिलं, की लाभधारकाने हेतुपुरस्सर दिशाभूल केली. हा मात्र त्याने सुवाच्य अक्षरात उतरवला. लिहिताना त्याला स्वतःची शरम वाटली, आणि तरीही त्याचं अक्षर हललं नाही, याची पुढे कित्येक वर्षं जास्त शरम वाटली.

बैल तलासरीला विकले गेले. ते पोचवायला रघ्या स्वतःच गेला, कारण तांबडा दुसऱ्या कुणाला दोर धरू देत नसे. परतल्यावर तो आणि रूपी जबाबावर अंगठा द्यायला रामनाथच्या कचेरीत आले.

"भाऊसायब, गुस्सा नका करू," रघ्या म्हणाला. "तुमी बराबरच सांगितला असंल. माझ्याच कानात खोट."

रामनाथने शाईचा पॅड पुढे सरकवला.

"काय लिवलाय याच्यात?"

कागदावर लिहिलं होतं: मी ग्रामसेवकास खोटी माहिती देऊन फसविले. रामनाथने कागद हातात धरला, घसा साफ केला आणि वाचल्यासारखं केलं. "लिहिलंय, की जोत चांगलं होतं. भात वेळेवर लागलं. पीकही चांगलं आलं."

"खरा हाय ता," रघ्या म्हणाला.

रूपी दारातच उभी होती. "आनी भिंतीचा? माना भिंत पायजे, ता लिवलाय का?"

रामनाथने कागदाकडे पाहिलं.

"लिहिलंय," तो म्हणाला.

"मंग लाव अंगठा," रूपी रघ्याला म्हणाली.