काउंटर मोजणारे सावळेरामभाऊ

बँकेत माणूस पैसे मोजतो. सावळेरामभाऊ काउंटर मोजायचे.

त्यांच्याकडं खांद्याएवढी एक बांबूची काठी होती, तिच्यावर लाल रंगाच्या तीन खुणा. कुठल्याही बँकेत शिरले की ती काउंटरला लावून उभी करायची, वाकून तिसऱ्या खुणेकडं बघायचं आणि "दोन बोटं वर हाय" असं म्हणून मान हलवायची. कॅशियर नोटा मोजायचा थांबायचा. रांगेतली माणसं माझ्याकडं बघायची, कारण वेड्याबरोबर आलेला शहाणा मीच असायचो. ओतूरच्या शाळेत मी गणित शिकवत होतो, आमच्या दोघांच्या घरांची भिंत एक होती, आणि "शिकलेला मानूस संगं असावा" म्हणून हे गृहस्थ मला दोन तालुके ओढत न्यायचे.

सावळेरामभाऊ पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या चारीला पाणी सोडायचं, बंद करायचं आणि काठीनं त्याची खोली मोजायची, यात त्यांची हयात गेली. नव्वद सालानंतर कधीतरी ते निवृत्त झाले, फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली, आणि ती कुठं ठेवावी हे ठरवायला त्यांनी सबंध वर्ष घेतलं. तोवर ती जुन्नरच्या पगाराच्या खात्यात किरकोळ व्याजावर लोळत पडली होती. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या माणसाला हे बघवत नाही. मी त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवले. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला बँकांची नावं लिहायला घेतली.

चारीच्या तोंडाला खात्यात हेड म्हणतात आणि अगदी शेवटच्या शेताला टेल. या दोन शब्दांवर भाऊंनी सगळं आयुष्य काढलं. "हेडला पानी कुनीबी बघतं, मास्तर. टेलला पोचतंय का ते बगा." लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की हे पानावरून उठून शेवटच्या ओळीपर्यंत ती पोचते का बघायला जात. एकदा त्यांनी मला शाळेच्या फाटकातच गाठलं. "तुमी शिकवता ते मागच्या बाकाला पोचतंय का वो?" मागच्या बाकावरची पोरं शेजारीच उभी होती. ती दात काढून हसली.

तर असा हा परीक्षक बँका तपासायला निघाला. मंचरच्या बँकेत ठेवीवर चांगलं व्याज होतं. पण ती पहिल्या मजल्यावर, कापडाच्या दुकानावर. भाऊंनी पायऱ्या मोजल्या, दोनदा. "एकोनीस. कठडा येकाच अंगाला." झालं, मंचर नापास. स्वतः भाऊ तेव्हा नारळाच्या झाडावर चढत होते.

जुन्नरला कॅशियर मान वर न करता बोलतो म्हणून ती बँक नापास. घोडेगावला साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, योजना समजावल्या. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगठा उठवल्यावं शाई पुसायला फडकं ठिवता का?" साहेब म्हणाले, "तुम्हाला सही येत नाही का?" यांनी खिशातलं पेन काढलं आणि साहेबांच्याच कागदावर अशी वळणदार सही ठोकली की कलेक्टरनं बघावी. "सही येती. फडकं हाय का?" फडकं नव्हतं. परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी बोललो नाही. माणूस व्याजाचा दर सोडून चिंधी विचारतो, त्याच्याशी काय बोलायचं?

शेवटचा उपाय म्हणून मी त्यांना आळेफाट्याच्या एका पतसंस्थेत नेलं. माझे स्वतःचे पैसे तिथं होते. घरावर स्लॅब टाकायला साठवलेली सगळी पुंजी, बँकेपेक्षा तीन टक्के जास्त व्याजानं. काचेचं दार, थंडगार हवा, गेल्याबरोबर हातात कोल्ड्रिंक. काउंटर काठीच्या खुणेबरोबर जुळलं तेव्हा मला वाटलं, सुटलो.

भाऊंनी चेअरमनना विचारलं, "अंगठ्याचा मानूस येकटाच आला, तर त्याचं पैसं त्याच्या हातात पडत्याल का?"

चेअरमन हसले. "आजोबा, यायची गरजच काय? आमचा माणूस घरी येऊन पैसे देईल."

भाऊंनी अर्धं प्यालेलं कोल्ड्रिंक टेबलावर ठेवलं आणि उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "घरी आनून देनारा घरनंच परत बी नील. आन् मास्तर, हेडलाच येवढं पानी सांडतंय, टेल कोरडं आसनार. तुमी तुमचं काढून घ्या." मी त्यांना तिथंच चारचौघांत सुनावलं. ज्याला टक्केवारी कळत नाही त्यानं गणिताच्या मास्तराला शहाणपण शिकवू नये, असं म्हणालो.

अखेर त्यांनी निवड केली ती आमच्याच ओतूरच्या एका छोट्या शाखेची. वर्षभर पाहिलेल्या सगळ्यांत कमी व्याज देणारी. गावातली बँक सोडून दोन तालुके पालथे घातले आणि शेवटी काखेतच कळसा. फॉर्मसुद्धा त्यांनी माझ्याकडून भरून घेतला नाही, बँकेतल्या बाईंकडून घेतला. मी ही हकिगत शिक्षकांच्या खोलीत काठीसकट नक्कल करून सांगायचो. खडू संपला तरी कुणीतरी म्हणायचं, "टेलला पोचला नाही राव," आणि आम्ही पोट धरून हसायचो. पुढची काही वर्षं आमची करमणूक त्यावरच चालली.

मग एका सोमवारी आळेफाट्याच्या त्या काचेच्या दारावर शटर आलं, ते पुन्हा वर गेलं नाही. चेअरमन गावात नव्हते. मी तिथं उन्हात चार दिवस जाऊन उभा राहिलो, अर्ज लिहिले, इतरांचेही लिहून दिले. पैसे मिळाले नाहीत. घरावर पत्रेच राहिले. सावळेरामभाऊ भेटतील आणि "सांगितलं व्हतं" म्हणतील, या धास्तीनं मी महिनाभर मागच्या दारानं ये-जा केली. शेवटी त्यांनी गाठलंच. म्हणाले, "पावसाच्या आत पत्रं नीट बसवून घेऊ. माझ्याकडं हूक हायेत." एवढंच. मला त्यांचा त्या दिवशी फार राग आला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी मी पगार काढायला ओतूरच्या त्याच बँकेकडं चाललो होतो. समोरच्या सायकल दुकानाच्या फळीवर सावळेरामभाऊ बसलेले, काठी दोन्ही हातांत घट्ट धरून, डोळे बँकेच्या दारावर. कपाळावर घाम.

"आत का नाही गेलात?"

"ती गेलीया."

ती म्हणजे भीमाबाई, त्यांची बायको. अंगानं एवढीशी, गुडघे धरलेले, शाळेचं तोंड न पाहिलेली. यांना मूलबाळ नव्हतं. भीमाबाई आयुष्यभर यांच्या मागून दहा पावलं अंतर ठेवून चालल्या, आणि बाजारातसुद्धा भाव यांनीच विचारायचा. मी दारातून आत डोकावलो. काउंटर बरोबर त्यांच्या कोपराला लागत होतं. काउंटरपलीकडच्या बाई मान वर करून, खणखणीत आवाजात विचारत होत्या, "मावशी, किती काढायचेत?" भीमाबाईंनी काहीतरी सांगितलं. बाईंनी त्यांचा अंगठा पॅडवर टेकवला, कागदावर उठवला, आणि मग फडकं पुढं केलं. काठीवरची तिसरी खूण कशाची होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मी नक्कल करताना त्या खुणेवर सगळ्यात जास्त हशा घ्यायचो.

मी परत फळीपाशी आलो. "अहो, पण तुम्ही धडधाकट आहात. त्यांना कशाला त्रास देता?"

"मी हाय तवर चुकली तर सांगता येतंय," भाऊ दारावरची नजर न काढता म्हणाले. "मी नसल्यावं कुनाला इचारंल? लई महिनं झालं शिकवतोय. पयल्यांदा उंबऱ्यातनंच माघारी आली. मग मी संगं गेलो तर समदं मलाच बोलाय लावायची. आज मी हितंच बसलोय."

भीमाबाई बाहेर आल्या. रस्ता ओलांडून आल्या आणि पिशवीचं तोंड उघडून भाऊंना आत दाखवलं. मग अंगठा दाखवला. पुसून स्वच्छ झालेला. भाऊंनी तो निरखून पाहिला. "पोचलं," एवढंच म्हणाले. मला मान खाली घालावीशी वाटली आणि मी घातली.

जाता जाता ते माझ्याकडं वळले. टोमणा मारायचा म्हणून नाही, अगदी काळजीनं विचारलं, "मास्तर, तुमच्या बाईसायबांनी कदी काढल्यात का वो बँकेतनं पैसं?"

माझी बायको मॅट्रिक झालेली. आमची पासबुकं कुठल्या कपाटात असतात ते तिला माहीत नव्हतं. आळेफाट्याच्या पावत्यांवर तिचं नावही नव्हतं, आणि ते पैसे बुडाले हेसुद्धा तिला शेजारच्या भीमाबाईंकडून कळलं होतं.

ते दोघं घराकडं निघाले. सावळेरामभाऊ काठी टेकत मागून चालले होते, आणि दहा पावलं पुढं, पैशाची पिशवी छातीशी धरून, भीमाबाई.