नाकेदारांची अवजारं

मानवतला आमच्या गल्लीत एखादा माणूस एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असा चालताना दिसला, तर त्याची तब्येत कोणी विचारत नसे. "काय नेलंस? पान्हा का करवत?" एवढंच विचारत. त्याची डावी चप्पल नाकेदारांकडं गहाण आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे.

नाकेदारांचं नाव दिगंबरराव. निजामाच्या राज्यात ते करोडगिरीच्या नाक्यावर होते. बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणारं ते खातं. गाडी थांबवायची, माल बघायचा, जकात घ्यायची, गाडी सोडायची, यात त्यांची उमर गेली. विलीनीकरणानंतर पुढं नाके उठले आणि नाकेदार घरी आले. घरी कोणी नव्हतं. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांनी ओसरीच्या भिंतीवर खिळे ठोकले आणि अवजारं टांगायला सुरुवात केली.

पान्हे, पकडी, पेचकस, कानशी, पटाशा, गिरमिट, लोखंड कापायच्या करवती. प्रत्येकाभोवती चुन्याची रेघ. अवजार कोणी नेलं की भिंतीवर नुसता त्याचा आकार उरायचा आणि त्या खिळ्याला चप्पल लटकायची.

अवजार मागायला गेलं की तीन प्रश्न ठरलेले. "माल कोणता? कुठं न्यायलाव? वापसी कधी?" उत्तरं ऐकून ते डोळे मिटत, जणू आत कुठंतरी शिक्का मारतायत. मग म्हणत, "ठीक हाय. ऐवज ठेवा."

"उजवी चप्पल ठेवू का?" मी एकदा विचारलं.

"उजवी पायात असू द्या. शुभकामाला जायचं तर काय करसाल? कायदा आंधळा नसतो."

या अवजारांनी ते स्वतः काय दुरुस्त करत, हा जरा नाजूक विषय आहे. त्यांनी एकदा गजराचं घड्याळ खोललं. परत जोडलं तेव्हा दोन चाकं उरली, आणि घड्याळ चालू होतं. "जादा भरती झाली व्हती त्यात," असं म्हणून त्यांनी चाकं डबीत टाकली. घड्याळ दुपारी दोनला सूर्योदयाचा गजर देई, पण चाले. नंतर त्यांनी दाराला दोरी, कप्पी आणि जात्याची तळी बांधली. दार आपोआप मिटायला लागलं. ते पाहुण्याच्या पाठीत बसून त्याला आत ढकलूनच मिटे. कोणी तक्रार केली की म्हणत, "आत तर आलाव ना? मंग?"

एकदा एक धनगर आला. शेळीच्या शिंगात कडी अडकली होती, ती कापायला करवत हवी होती. बरोबर त्याचा भाऊ होता. दोघंही अनवाणी. कायद्यात याची तरतूद नव्हती.

"तू बस," नाकेदार धनगराला म्हणाले. "तूच ऐवज."

भाऊ करवत घेऊन गेला आणि धनगर दुपारभर ओसरीवर बसला. नाकेदारांनी त्याला जेवू घातलं, मेंढ्यांच्या रोगांची माहिती विचारली, कप्पीचं दार तीनदा मिटवून दाखवलं. भाऊ करवत घेऊन संध्याकाळी परत आला, तरी नाकेदारांचं तोंड उतरलं. "एवढ्यात कापली? नीट कापली का बघा बरं."

गावातली जुनी माणसं अजून सांगतात की नाकेदार संशयी होता, त्याचा कुणावर भरवसा नव्हता. हे सांगत फिरण्यात मीच पुढं होतो. म्हणून उरलेलं आता लिहून टाकतो.

मी तेव्हा जिनिंगमध्ये कारकून होतो, घर नाकेदारांच्या समोर. चैतातल्या उन्हात एका चपलेवर जिनात गेलो, तर मुनीम सगळ्यांसमोर हसला. मी चिडलो. परभणीहून पान्हा, पक्कड, हातोडी, करवत घेऊन आलो आणि गल्लीत सांगितलं, "माझ्याकडून न्या. ऐवज नको, प्रश्न नकोत."

लोक माझ्याकडं यायला लागले. नाकेदारांची भिंत भरलेली राहायला लागली. गल्लीवर उपकार केले, असं मला वाटलं.

एका दुपारी नाकेदार माझ्या दारात उभे. "पक्कड हाय का?"

समोर त्यांच्या भिंतीवर चार पकडी टांगलेल्या मला दिसत होत्या. हे टोमणा मारायला आलेत असं समजून मी मुकाट्यानं दिली. दुसऱ्या दुपारी त्यांनी ती तेल लावून परत आणली, बसले, चहा घेतला, नाक्यावरच्या गोष्टी सांगितल्या. जाताना हातोडी नेली. ती परत आणली तेव्हा पुन्हा बसले आणि पान्हा नेला. असं बरेच दिवस चाललं. दुपारची माझी झोप बुडायला लागली.

शेवटी मी अगदी गोड बोलून सांगितलं, "नाकेदारसाहेब, ही हातोडी राहू द्या तुमच्याकडंच. परत आणायची तसदी घेऊ नका."

त्यांनी हातोडीकडं पाहिलं. "वापसी न्हाईच?"

"नाहीच."

"मंग नको," ते म्हणाले. हातोडी उंबऱ्यावर ठेवली आणि समोर निघून गेले. पुन्हा ते आमच्याकडं आले नाहीत. कायद्याला धक्का लागला म्हणून म्हातारा रुसला, असं मी जिनात रंगवून सांगितलं.

पण त्या दुपारी ते गेले तेव्हा आतून माझी बायको दोन कप घेऊन बाहेर आली होती. "अव, भावजी गेले बी? त्यांच्या टायमाला च्या टाकला व्हता म्या."

"त्यांना काम होतं," मी म्हणालो.

"त्यांला?" ती म्हणाली. "त्यांला कशाचं काम?"

दोन्ही कप मीच प्यालो आणि झोपलो.