माप आल्याशिवाय करवत नाही

आमच्या नायगावात चर्चची मयताची घंटा वाजली, की लोक क्रूसाची खूण करीत आणि इनास मेस्त्री करवत काढी. त्याआधी नाही. बाकीचे सुतार दोन-चार शवपेट्या तयार ठेवत. आमच्या मेस्त्रीच्या मांडवात तयार असं काही नसेच.

"लागल तवा, लागल तेवढंच!" हे त्याचं ब्रीद. पाळणासुद्धा पोराचं रडणं ऐकल्यावरच सुरू. एकदा तुळिंजचा एक दुकानदार डझनभर खुर्च्या मागायला आला.

"बसनार कोन?" मेस्त्रीने विचारलं.

"कोणीही बसेल."

"मग त्याला घेऊन ये. पाय जमिनीला टेकाया नकोत त्याचे?"

दुकानदार गेला. मेस्त्रीची बायको रोजाबाय कपाळाला हात लावून बसली. बसली अर्थात उंबऱ्यावर, कारण सुताराच्या घरात खुर्ची नव्हती. तिने कधी मागितलीच नव्हती ना!

फादर एकदा म्हणाले, "इनास, पावसाळ्यात फार धावपळ होते. दोन पेट्या करून ठेव."

"नको, फादर. दोन तयार असल्या, तर रोज सकाळी गावात मी कोनाकडं बघू?"

फादरनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला ताप आला तेव्हा तर हा गृहस्थ माझ्या कुंपणाशी पाठ फिरवून उभा राहिला आणि ओरडला, "बरं हाय ना, मास्तर? मी तुमच्याकडं बघत नाय हां!"

मग रोजाबायला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी आशा सोडली, फादर शेवटचं तेल लावून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, घंटा वाजलेली नसताना, मांडवातून करवतीचा आवाज आला. मला भयंकर राग आला. तसाच धावत गेलो.

"मेस्त्री, अहो, जिवंत आहे ती अजून!"

"म्हनून तर," तो मान वर न करता म्हणाला.

समोर एक बुटकी, रुंद हातांची खुर्ची आकाराला येत होती.

"उठल तवा बसल कशावर? उंबरा गार लागतो तिला."

माप त्याने घेतलं नव्हतं. ते त्याला पाठ होतं. डोळे मात्र वाहत होते. मी फळी धरून बसलो.

महिन्याभराने रोजाबाय अंगणात त्याच खुर्चीत बसून वाल सोलत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "मी कवा मागितली व्हती खुर्ची? म्हने लागल तवा, लागल तेवढंच!"

मेस्त्री उंबऱ्यावर बसून शेंगा निवडत होता.

"लागत व्हती," तो म्हणाला. "मला."