नाक मोकळं, चहा नको

आमच्या सोसायटीतले गायकवाड काका लिफ्टमध्ये शिरले की नमस्कार-चमत्कार करत नाहीत. ते डोळे मिटतात, क्षणभर कान देतात आणि म्हणतात, "उजवी बंद आहे तुमची." मग मजला आला की शांतपणे उतरून जातात. नवीन राहायला आलेला माणूस आधी चमकतो, मग कुणी बघत नाही असं पाहून एक नाकपुडी दाबून बघतो. ती खरंच बंद निघते, म्हणून त्याला जास्तच राग येतो.

काका खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. जिथे घाई केली तर माणूस छपरातून बाहेर जाईल अशा ठिकाणी आयुष्य काढल्यामुळे घाई त्यांच्या अंगातून पार निघून गेलेली आहे. स्वतःच्या घराचं कुलूपसुद्धा ते इतकं जपून उघडतात की मागे उभा असलेला माणूस नकळत जिन्याकडे सरकतो. कुणी रुमालात जोरात नाक शिंकरलं की त्यांचा चेहरा कसनुसा होतो. "हळू," ते म्हणतात, "नाक आहे, नळ नाही."

इमारतीत कुणाचं तान्हं बाळ सर्दीने घुरघुरायला लागलं की काकांना बोलावणं जातं. ते येतात, नाक मोकळं करून देतात, आणि मग उठत नाहीत. बाळ झोपलं तरी शेजारी बसून राहतात. मधूनच त्याच्या नाकाखाली बोट धरतात. चहा विचारला तर म्हणतात, "नको, आत्ता नको." एरवी हाच माणूस आमच्याकडे वर्तमानपत्र मागायला येऊन दोन चहा पिऊन, वर्तमानपत्र विसरून जातो. आमच्या धायरीत चहा न विचारणारे पुष्कळ सापडतील, पण विचारलेला चहा नाकारणारे हे एकटेच, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

मागच्या थंडीत माझी मुलगी मुग्धा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे ती नुसतीच 'बाळ' होती. त्या बाळाला सर्दी झाली. नाक चोंदलं की एवढ्याशा जिवाला दूध ओढता येत नाही. श्वास घ्यायचा की दूध प्यायचं, ह्यातच ते दमून जातं. सकाळी डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, थोडं थांबा, नाक साफ करा आणि मग पाजा. तरी दूध प्यायलं नाही तर लगेच परत घेऊन या."

थेंब आणले, रबरी पंप आणला. पण ते तिळाएवढं भोक बघून आमच्यापैकी कुणाचाच हात धजेना. मालिशवाल्या बाई म्हणाल्या, "नाकात कोमट तेल सोडते," आणि तेवढ्यात त्यांनी धुरीही पेटवली. बाळ रडत होतं, मुग्धा रडत होती. दुपार होत आली तरी पोरीच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. मी मनातून फार घाबरले होते.

"काकांना बोलावते," मी म्हणाले.

"आई, तो लिफ्टमधला नाकवाला माणूस नको."

"मग तू करतेस?"

मुग्धाने हातातला पंप खाली ठेवला.

काका आले, त्यांनी दारातच वास घेतला. "धुरी कुणी केली?"

"आम्ही सगळी पोरं अशीच वाढवली," मालिशवाल्या बाई म्हणाल्या.

"वाढली असतील. खोकत वाढली असतील. खिडकी उघडा. आणि ती तेलाची वाटी आत न्या, बिजागरी नाहीये ही."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. थेंबांची बाटली मुठीत धरून उबदार केली. बाळाला मुग्धाच्या मांडीवर उताणं ठेवलं आणि खाली वाकून म्हणाले, "अहो बाई, जरा वर बघा." आमच्या घरात त्या पोरीला पहिल्यांदाच कुणी अहो म्हणत होतं. ती रडायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. काकांनी थेंब सोडले आणि मग ते नुसते थांबले.

खिडकीतून हिवाळ्यातलं पातळ ऊन आत आलं होतं. लांब सिंहगड धुरकट, अर्धवट पुसल्यासारखा दिसत होता. खाली भाजीवाला ओरडत होता, तोही झोपेत ओरडल्यासारखा. बाळंतशेपांचा वास, ओल्या दुपट्यांचा वास, आणि मध्ये ती घुरघुर. आमची ती खोली पाण्यावर सोडलेल्या होडीसारखी हळूहळू कुठेतरी निघाली आहे असं मला वाटायला लागलं.

"आता?" मुग्धाने कुजबुजत विचारलं.

"घाई कुठे आहे? पाण्याला त्याचं काम करू दे."

मग त्यांनी पंप आधी बाहेरच दाबला, तसाच दाबलेला नाकपुडीच्या तोंडाशी टेकवला आणि बोटं सैल सोडली. एक बाजू, मग दुसरी. मलमलच्या ओल्या टोकाने टिपून घेतलं. बाळाला एक शिंक आली, आणि काका तिला म्हणाले, "घ्या आता श्वास. आपलाच आहे."

बाळ दूध प्यायलं. गटागटा प्यायलं आणि पिता पिताच झोपलं. घुरघुर थांबली. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. सवयीने मी चहाचं विचारलं.

"नको, आत्ता नको," काका म्हणाले आणि त्यांनी बोट बाळाच्या नाकाखाली धरलं.

"काका, झोपलीय ती आता," मुग्धा म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "घ्या की चहा. असे बसून का राहता?"

काकांनी बोट काढलं नाही. मान वर न करता ते बोलायला लागले.

"आमच्या शैलाला शेवटी ऑक्सिजनची नळी होती. नाक कोरडं पडायचं तिचं, चोंदायचं. दिवसभर शिट्टीसारखा आवाज. मी हेच थेंब टाकायचो. तिलाही हेच म्हणायचो, घ्या श्वास, आपलाच आहे. ती हसायची. एका दुपारी असाच आवाज थांबला. मला वाटलं, चला, मोकळं झालं नाक. इतकं बरं वाटलं मला. मी चहा टाकायला गेलो. दोघांचा."

शैलाकाकूंना जाऊन काही वर्षं झाली होती. आम्ही सगळे त्यांना पोचवायला गेलो होतो, पण हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चहावरून केलेल्या चेष्टा मला एकेक आठवायला लागल्या.

मुग्धाने आपलं बोट काकांच्या बोटाशेजारी नेऊन धरलं. जरा वेळाने ती म्हणाली, "येतोय, काका. मलाही लागतोय."

"हं," काका म्हणाले. "येतोय." त्यांचं बोट मात्र तिथेच राहिलं.

मी गॅस पेटवायला म्हणून उठले होते, ती परत खाली बसले.